होकायंत्र चुकतं, तरी गाडी लाडकी

अ‍ॅडव्हेंचर बाइकवाल्याला त्याच्या गाडीबद्दल विचारून बघा. कौतुकाने सुरुवात होणारच नाही. आधी तक्रारी येतील. जड आहे रे. शंभरच्या पुढे नेली की हँडलबरोबर दातही थरथरतात. ट्यूब टायर आहेत, पंक्चर झालं की अर्धा दिवस गेलाच म्हणून समज. आणि हिमालयनवाला असेल तर मीटरवरच्या होकायंत्राचा विनोद ठरलेला: ते उत्तर दाखवेल तिकडे उत्तर सोडून काहीही असू शकतं. हे सगळं ऐकून आपण बिचाऱ्याची कीव येऊन विचारतो, 'मग विकतोयस का?' तर तो असा बघतो, जणू आपण त्याच्या घरातलं माणूस विकायला सांगितलं.

हा काय प्रकार आहे, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. फोन हँग झाला तर आपण दुसऱ्या दिवशी नवीन फोनच्या किमती बघायला लागतो. हेडफोनचा एक कान गेला की दोन्ही कान कचऱ्यात. मग अडीच-तीन लाखांच्या वस्तूतल्या खोडी माणसं लाडक्या भाच्याच्या खोड्यांसारख्या का सांगतात? पुण्यातून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलांसमोर अशा गाड्यांची रांग लागते. तिथे थांबून ऐकलं, मित्रांच्या दोन-तीन गाड्या स्वतः चालवून बघितल्या, तेव्हा माझं एक मत तयार झालं. या गाड्यांमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारच्या खोटी असतात. एक प्रेम करण्यासारखी आणि दुसरी अजिबात माफ न करण्यासारखी. आपली गडबड अशी होते, की पहिलीवरच्या प्रेमात दुसरीही खपून जाते.

आधी पहिली.

मुळात ही जातच तडजोडीतून जन्मलेली आहे. 1980 मध्ये बीएमडब्ल्यूने 'आर 80 जी/एस' आणली. जी म्हणजे गेलेंडे, रान. एस म्हणजे श्ट्रासे, रस्ता. दोन्हींवर चालणारी एकच गाडी. मोठं, जवळपास 800 सीसीचं इंजिन आणि त्यावर मातीत चालायची तयारी. मातीतल्या गाड्या हलक्या हव्यात हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. तरीही पुढच्याच वर्षी, 1981 मध्ये, ह्युबर्ट ओरिओलने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डकार रॅली जिंकली आणि 'धड ना रस्त्याची, ना धड रानाची' असं हिणवता येईल अशा गाडीची एक वेगळी पंगत बसली.

आपल्याकडे ही पंगत उशिरा बसली. 2011 मध्ये हिरोने इम्पल्स आणली होती. 150 सीसी, उंच, दिसायला झकास, पण ताकद बेताची. तेव्हा लोकांना ती कशासाठी घ्यायची तेच कळलं नाही आणि ती काही वर्षांत बंद झाली. गंमत म्हणजे आज सेकंड हँड इम्पल्स शोधणारी माणसं आहेत! मग 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, 2019 मध्ये हिरोचीच एक्सपल्स 200, आणि 2020 च्या जानेवारीत केटीएमची 390 अ‍ॅडव्हेंचर, जी बनते आपल्या चाकणला. ऑस्ट्रियाचं नाव, पुणे जिल्ह्याची गाडी.

आता या गाड्यांची 'खोट' नीट बघू, कारण खरी मजा तिथेच आहे. पहिली हिमालयन घ्या. इंजिन 411 सीसी आणि ताकद साधारण साडेचोवीस बीएचपी. केटीएमचं इंजिन 373 सीसीचं, म्हणजे हिच्यापेक्षा लहान, आणि तरी ताकद 43 बीएचपीच्या आसपास. कागदावर हिमालयन सरळ नापास. कॉलेजच्या पार्किंगमध्ये स्पेसिफिकेशनची भांडणं होतात तेव्हा हिमालयनवाला याच आकड्यावर गप्प होतो. पण त्याने दुसरा आकडा काढावा. चाकाला मिळणारा रेटा, म्हणजे टॉर्क, हिमालयनमध्ये 32 न्यूटन-मीटर आहे आणि तो पूर्ण मिळतो इंजिन मिनिटाला चार-साडेचार हजार फेऱ्या मारत असताना. केटीएमचा रेटा थोडा जास्त, 37, पण त्यासाठी इंजिन सात हजारांवर न्यावं लागतं. रायरेश्वरच्या पायथ्याकडे जाणाऱ्या चढावर, खडी सुटलेल्या वळणावर, मागे बॅग आणि बॅगेच्या पुढे मैत्रीण बसलेली असताना इंजिन सात हजारांवर कोण नेणार? तिथे दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत, न बंद पडता वर जाणारी गाडी लागते. संथपणा ही तिची खोट आहेच. पण चढावर उपयोगी पडणारा गुण आणि हायवेवर जाणवणारी खोट, दोन्ही एकाच पिस्टनच्या लांब पल्ल्यातून आलेत. एक काढून दुसरं ठेवता येत नाही.

तसंच पुढच्या चाकाचं. हिमालयन आणि एक्सपल्सला पुढे 21 इंची चाक आहे. मोठं चाक वळायला आळशी असतं. डेक्कनच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षांच्या मधून घुसताना ते कळतं. पण मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, खड्ड्यावरून जातं. एक्सपल्सचं पुढचं सस्पेन्शन 190 मिलिमीटर खालीवर होतं, हिमालयनचं 200. साध्या कम्युटर गाडीवर जो खड्डा पाठीच्या मणक्याला कळतो, तो इथे फक्त मनगटाला कळतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम सुरू झालं 2011 मध्ये. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आता डिग्री हातात आली. त्या रस्त्याने पावसाळ्यात कोकणात गावी जाणाऱ्या माणसाला 'अ‍ॅडव्हेंचर बाइक कशाला, तू काय लडाखला चाललायस?' असं विचारणं म्हणजे पुरात अडकलेल्याला 'होडी कशाला?' विचारण्यासारखं आहे.

आणि हायवेवर पळत नाही या तक्रारीचं काय? मला तर ही तक्रार आपल्या राज्यात थोडी विनोदीच वाटते. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. अटल सेतूवर बंदी. जिथे 120 ने जाता येईल अशा रस्त्यांवर आपल्याला पाऊलही ठेवता येत नाही. जिथे जाता येतं तिथे ट्रॅक्टर, म्हशी, उलट्या दिशेने येणारे काका आणि न रंगवलेले स्पीडब्रेकर आहेत. तिथे ऐंशीच्या वेगाने दिवसभर न कुरकुरता चालणारी गाडी म्हणजे, खरं सांगायचं तर, पुरेशी गाडी.

नोराली स्कूनमाकर ही डच बाई 'इची बूट्स' नावाने व्हिडिओ करते, तुमच्यापैकी अनेकांनी बघितले असतील. तिने भारतात हिमालयन विकत घेतली, तिचं नाव ठेवलं बसंती, आणि आग्नेय आशिया, इराण, मध्य आशिया असं फिरत 2019 मध्ये ती नेदरलँड्सला घरी पोचली. तेवढ्याच साडेचोवीस बीएचपीवर. (गाडीला नाव ठेवण्याची सवय एरवी मला जरा बालिश वाटते, पण बसंतीला माफ.)

वजनाचं मात्र कौतुक करता येणार नाही, ते सोसावंच लागतं. पहिली हिमालयन 182 किलोची होती, बीएस 6 नियमांनंतर ती 199 किलोवर गेली. आपल्या स्प्लेंडरच्या पावणेदोन पट. चालू असताना हे वजन जाणवत नाही, उलट घाटातल्या आडव्या वाऱ्यात गाडी जागची हलत नाही याचं बरंच वाटतं. जाणवतं ते थांबल्यावर. उतारावर पुढचं चाक भिंतीकडे करून पार्क केलीत, की मागे ओढताना सगळे देव आठवतात. आणि मातीत ही गाडी आडवी होतेच. कधीतरी नाही, होतेच. ती उचलायचीही पद्धत आहे: गाडीकडे पाठ करायची, नितंब सीटला टेकवायचे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची फ्रेम धरायची आणि पायांच्या जोरावर उलटं चालत जायचं. कमरेतून उचलायला गेलात तर डॉक्टरचं बिल गाडीच्या बिलाशी स्पर्धा करेल. हे शिकल्यावर माझ्याच उंचीच्या, म्हणजे जेमतेम पाच फूट दोन इंचांच्या, एका मैत्रिणीने ती एकटीने उभी केलेली मी बघितली आहे. त्यानंतर तिचा चेहरा असा होता, की मला गाडीपेक्षा तिचा हेवा वाटला.

उंचीचा विषय निघालाच आहे तर थोडं स्पष्ट बोलते. पहिल्या हिमालयनची सीट 800 मिलिमीटरवर आहे, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा फार उंच नाही; म्हणूनच तिच्यावर इतक्या मुली दिसतात. एक्सपल्स 823, केटीएम 855. केटीएमवर बसल्यावर माझ्या पायांची फक्त टोकं टेकली. 'सवय होते गं,' असं सहा फुटी मित्र सांगतात. सवय होते हे खरं आहे, पण उंच सीट ही सस्पेन्शनची किंमत आहे आणि ती किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हेही तितकंच खरं. नवीन 450 हिमालयनची सीट 825 आणि 845 अशा दोन उंचीवर लावता येते, कमी उंचीची सीट वेगळी मिळते. म्हणजे कंपन्यांनी मनावर घेतलं तर जमतं.

तर ही झाली पहिल्या प्रकारची खोट. ती गाडीच्या कामातूनच आलेली आहे. आणि माझ्या मते प्रेमाचं गुपित इथेच आहे. दोषच नसलेली गाडी तुमच्याकडून काही मागत नाही. ही गाडी मागते. दर काही दिवसांनी चेनला तेल घाल. ट्यूब आहे, तर पंक्चर काढायला शीक, टायर लिव्हर बॅगेत ठेव. थंडीत चालू झाल्या झाल्या पळवू नकोस, जरा दम धर. कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला नवा, हे कानाला कळू दे. आमच्या पिढीने आजवर जी यंत्रं वापरली ती सगळी बंद डब्यातली. फोनची बॅटरीसुद्धा आपल्याला काढता येत नाही. अशा पिढीला नटबोल्ट दिसणारं, हात काळे करणारं, आपण काही केलं की लगेच फरक दाखवणारं यंत्र मिळालं तर ती प्रेमात पडणारच. पंक्चर झालेलं मागचं चाक वरंध घाटात, दोन तास खपून, घामाघूम होऊन ज्याने स्वतः काढलं आणि बसवलं, त्याला ती गाडी विकायला सांगून बघा.

अर्थात, सगळ्यांचं प्रेम असं कष्टाचं नसतं. पॅनिअर, जाळीचे क्रॅशगार्ड, जास्तीचे दिवे, लडाखचा स्टिकर आणि गाडीचा सगळा प्रवास हॉस्टेल ते कॅफे, असेही नमुने भरपूर आहेत. त्यांच्यावर हसायला मजा येते. पण एका पातळीपलीकडे मला ते हसणं बरोबर वाटत नाही. आपण घरी ट्रेकिंगचे बूट आणून ठेवतो ते काय रोज हरिश्चंद्रगडावर जातो म्हणून? 'कधीही निघता येईल' ही भावनाही वस्तूबरोबर विकत मिळते आणि तिचे पैसे द्यायचे की नाहीत हे ज्याचं त्याने ठरवावं. फक्त पैसे कोणाचे आहेत, तेही बघावं.

पैशांवरूनच आता दुसऱ्या खोटीकडे येते, जिच्यावर प्रेम करू नये.

2016 मध्ये हिमालयन दीड लाखाच्या आसपास सुरू झाली होती. 2023 च्या शेवटी 450 आली ती पावणेतीन लाखांच्या घरात, तीही विमा आणि रजिस्ट्रेशन सोडून. अडीच लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी 11 टक्क्यांनी घेतलं तर महिन्याला सुमारे 8,200 रुपये जातात. पहिल्या नोकरीच्या पगारात 8,200 म्हणजे काय, हे मी सांगायला नको. एवढे पैसे मोजून घेतलेल्या गाडीचं मीटर पावसात बंद पडलं, सहा महिन्यांत कुठून तरी तेल गळायला लागलं, सुट्या भागासाठी दोन महिने थांबावं लागलं, तर ती तडजोड नव्हे. लांब स्ट्रोकच्या इंजिनाचा आणि खराब वायरिंगचा काहीही संबंध नाही. मोठ्या चाकासाठी ऑइल सील गळायची गरज नसते. ती निव्वळ बेफिकिरी आहे.

पण होतं काय? नवीन मालक ग्रुपवर तक्रार टाकतो आणि दहा मिनिटांत उत्तरं येतात: 'भावा, तुला गाडी कळलीच नाही.' 'हिला समजून घ्यावं लागतं.' 'स्कूटर घे.' आणि सगळ्यात लाडका शब्द, 'कॅरेक्टर'. गाडीचं कॅरेक्टर आहे ते! तेल गळणं हे कॅरेक्टर, कंप होणं हे कॅरेक्टर, ऐन घाटात बंद पडणं म्हणजे तर साक्षात व्यक्तिमत्त्व. तक्रार करणारा पोरगा ओशाळतो आणि पोस्ट काढून टाकतो. मग सर्व्हिस सेंटरमध्ये स्वतःच्या खिशातून पैसे भरतो.

कंपन्या स्वतः इतक्या भावुक नसतात, हे लक्षात घ्या. मे 2021 मध्ये रॉयल एनफिल्डने सात देशांतल्या 2,36,966 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्यात क्लासिक, बुलेट, मीटिओर होत्या, तशीच हिमालयनही होती. दोष होता इग्निशन कॉइलमध्ये. गाडी मिसफायर होणं, दम कमी पडणं आणि क्वचित शॉर्ट सर्किट, असे त्याचे परिणाम होऊ शकतात हे कंपनीनेच सांगितलं. यातला प्रत्यक्ष भाग बदलावा लागेल अशा गाड्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असतील, हेही सांगितलं. तरीही सगळ्या तपासायला घेतल्या, आणि हे योग्यच झालं. आता कल्पना करा, त्या आधी कुणा मालकाने 'गाडी मधेच फटफट करते' असं लिहिलं असेल, तर त्याला काय उत्तर मिळालं असेल? कॅरेक्टर!

इथे गोष्ट फक्त नाराजीची राहत नाही. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली आणि कलम 110-अ आलं. गाडीतला दोष चालवणाऱ्याला किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोक्याचा असेल, तर केंद्र सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं. आणि ते कधी? इतर कारणांबरोबर एक कारण असं आहे, की ठरावीक प्रमाणात मालकांनी त्या दोषाची तक्रार सरकारकडे केलेली असली पाहिजे. म्हणजे मोजणी होते. गाडीवरच्या प्रेमापोटी जो गप्प बसतो, आणि जो दुसऱ्याला गप्प बसवतो, तो हा आकडा कमी करतो. त्याच मॉडेलची गाडी घेऊन दुसरीकडे कुणीतरी त्याच दोषासह घाट उतरत असतो. त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारं स्वतंत्र प्रकरणच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करता येते. नुसती चौकशी करायची असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर तोंडी भांडण्यापेक्षा जॉबकार्डवर तक्रार शब्दशः लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे कुठेही गेलात तरी तोच कागद कामाला येतो.

मला माहीत आहे, यावर जुनेजाणते रायडर काय म्हणतील. 'इतका हिशोब करायचा तर मजा काय राहिली?' पण ज्यांचं गाडीवर खरं प्रेम आहे अशी जी माणसं मला भेटली, ती सगळ्यात जास्त हिशोबी निघाली. त्यांच्याकडे डायऱ्या आहेत. कुठल्या किलोमीटरला कुठला बेअरिंग बदलला, कधी कुठे किती ॲव्हरेज पडलं, कंपनीला कधी मेल केला आणि काय उत्तर आलं. होकायंत्रावर ते हसतात, कारण होकायंत्र चुकलं म्हणून कुणी मरत नाही. ब्रेकवर त्यांच्यातलं कुणी हसताना मी बघितलं नाही.

तुमच्यापैकी कुणी घ्यायच्या विचारात असेल, तर शोरूमची गुळगुळीत रस्त्यावरची दोन किलोमीटरची टेस्ट राइड विसरा, तिच्यात काहीच कळत नाही. ज्याच्याकडे निदान दोन पावसाळे काढलेली गाडी आहे असा माणूस गाठा. बंद गाडी चढावर मागे ढकलून बघा. मागे कुणाला तरी बसवून यू-टर्न मारून बघा. तुमच्या गावाजवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा, क्लच प्लेट आज मागितली तर कधी मिळेल. आणि मित्राची गाडी गवतावर आडवी घालून एकट्याने उचलता येते का तेही बघा. मित्राने आडवी घालू दिली नाही, तर हरकत नाही. त्याचं तिच्यावर प्रेम आहे.